सीन तेवीस आणि चोवीसच्या मधे

स्टॉपवॉच थांबवायला मी विसरले. सांगितलं तर कुणी हसेल, पण तीस वर्षं जिनं दुसरं काहीच केलेलं नाही अशा बाईच्या हातून हे होणं म्हणजे कंडक्टरनं घंटी मारायची विसरण्यासारखं. मी कंटिन्यूइटी करते. सिनेमात सीन उलटेसुलटे शूट होतात, दारातून बाहेर पडलेला माणूस तीन आठवड्यांनी पायरीवर पाय ठेवतो, आणि तेव्हाही त्याच्या शर्टाचं तेच बटण उघडं लागतं. ते बघणारी बाई मी. त्याआधीचंही एक काम माझ्याकडे असतं, टायमिंगचं. स्क्रिप्ट हातात आली की घरी बसायचं, एकेक सीन मनातल्या मनात करून बघायचा, माणूस उठला, चालला, दार उघडलं, वळून बघितलं, आणि वॉच दाबायचं. सिनेमा किती लांबीचा होणार हे शूटिंगच्या आधी मीच सांगते आणि चार-पाच मिनिटांच्या वर कधी चुकत नाही. तर त्या सकाळी चकाल्याला आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या टेबलाशी, समोर मम्मा वाल सोलत बसलेली असताना, मी सीन तेवीस संपवला. बाप ट्रंक उचलतो, आल्तारासमोर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यासमोर, क्रूस करतो, बाहेर पडतो. पुढं ओळ होती, ‘सात वर्षांनंतर.’ त्याखाली सीन चोवीस, बाप दारात उभा. काळा पडदा, त्यावर अक्षरं, लोकांनी वाचायची. मी वाचली. दोन सेकंद. अंगठा बटणावर होता आणि तो खाली गेलाच नाही. काटा फिरत राहिला, मम्माच्या नखाखाली वाल फुटत राहिले, वरून मेट्रो गेली, आणि मी बावळटासारखी त्या ओळीकडे बघत बसले.

कारण ती सात वर्षं मला ठाऊक होती. मी त्यात राहिले होते. स्क्रिप्ट ज्या पुस्तकावरून झाली ते माझ्या भावाचं, जेफ्रीचं. वाकोल्याच्या एका शाळेत त्यानं जन्मभर मराठी शिकवलं, एकच पुस्तक लिहिलं आणि चार वर्षांपूर्वी हार्टनं गेला. पुस्तकात आमचंच घर आहे. आमचे डॅडी चौऱ्याहत्तरच्या जूनमधे बहारीनला गेले, तिथल्या शेठनं पासपोर्ट दाबून ठेवला आणि ते परत आले एक्याऐंशीत. गेले तेव्हा मी पाच वर्षांची, आले तेव्हा बारा. जेफ्री माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आणि मधे, ते गेल्यावर सहा महिन्यांनी, नाताळच्या आदल्या दिवशी, नोएल जन्मला. चौदा महिने होता. एका दुपारी तापात गेला. डॅडींनी त्याला कधी बघितलं नाही. त्याचा एकही फोटो नाही, तेव्हा कोण काढणार, उद्या काढू म्हणता म्हणता राहून गेला. मला त्याचा चेहरा आठवत नाही, मानेचा वास आठवतो, खोबरेल आणि दूध. जेफ्रीनं त्या सात वर्षांना पुस्तकात शंभरावर पानं दिलीत आणि त्यातली एकतीस पानं फक्त त्या दुपारची आहेत. म्हणजे नोएल नावाचं माणूस ह्या जगात कुठं असेल तर त्या एकतीस पानांत आणि कब्रस्तानाच्या वहीत एका ओळीत. सीन तेवीस संपतो तेव्हा तो जन्मायचा असतो आणि चोवीस सुरू होतो तेव्हा पाच वर्षं झालेली असतात. दोघांच्या मधल्या फटीत तो आला आणि गेला, आणि लोक तोवर पॉपकॉर्नमधे हात घालणार.

“यव्होन,” मम्मा म्हणाली. एक्याऐंशी वर्षांची आहे, दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलेत, त्यामुळे समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. माझ्याशी बोलायचं तर ती मान वळवून फ्रीजकडे बघते. “नोएलचं काम कोण करतंय गो?”

हे रोजचं होतं. सिनेमा होणार म्हणून आम्ही दोघींनी कागदावर सही केली त्या दिवसापासून. हिरोईन कोण ह्याचं तिला काही नाही, स्वतःचं काम कोण करतंय ते तिनं एकदाही विचारलं नाही. नोएल कोण? बाळ कुणाचं आहे? आपल्यातलं आहे का? त्याला थंडी वाजू देऊ नका म्हणावं. आणि मी रोज सांगायचे, अजून ठरलं नाही मम्मा, बघतायत. तेव्हा तर स्क्रिप्टही हातात नव्हती, खोटंही म्हणता येत नव्हतं. त्या सकाळी मात्र स्क्रिप्ट टेबलावर पडलेली होती आणि तरी मी म्हणाले, “बघतायत.” वॉच थांबवलं तेव्हा त्यात चार मिनिटं अकरा सेकंद झाले होते. कुठल्या सीनचे लिहायचे ते?

दिग्दर्शक अनिरुद्ध, चौतीस वर्षांचा, हुशार पोरगा आहे, उगाच नावं ठेवणार नाही. अंधेरी वेस्टला त्याच्या ऑफिसात मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, मधली वर्षं अगदीच गेली का रे. तो म्हणाला, “आंटी, पुस्तकाला काय, वाचणारा तीन दिवस बसतो, चहा पितो, झोपतो, परत येतो. माझ्याकडे दोन तास आहेत. पुस्तकात वाट बघणं चालतं, कारण वाचणारा स्वतःच वाट बघत असतो. पडद्यावर बाई वाट बघायला लागली की लोक मोबाइल काढतात.” मला राग आला, आणि खरं सांगते, मजाही वाटली, कारण बोलत होता ते खोटं नव्हतं. मग तो म्हणाला, “बाळाचं ते प्रकरण वाचायला झकास आहे. रडलो मी. पण दाखवायला गेलो तर मेलोड्रामा होतो यार. आणि ते तर सरांनी कल्पनेनं घातलंय ना? तुम्ही दोघंच भावंडं.” भिंतीवर त्यानं आमचे घरचे फोटो लावले होते, मीच दिलेले. डॅडी, मम्मा, जेफ्री, मी. चार माणसं. तिथं मी सांगायला हवं होतं, नाही रे बाबा, तो होता. पण तीस वर्षांत मी स्क्रिप्टवर तोंड उघडलेलं नाही. ग्लास कुठल्या हातात होता तेवढं सांगायचं, ग्लासात काय होतं ते सांगायचं नाही, असं मीच माझं ठरवून टाकलेलं. आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात ते नाव मम्मा सोडून कुणी घेतच नाही. तोंडाला सवय नाही. मी म्हणाले, “हो, दोघंच,” आणि घरी येईपर्यंत रिक्षात स्वतःला शिव्या घातल्या.

पण एक गंमत माझ्या डोक्यात शिरली ती निघेना. वेळ जातो कुठं? म्हणजे, डॅडी आणि मम्माचं लग्न ठरायला दोन वर्षं लागली, दोन्ही घरांत भांडणं झाली, उंबराच्या पाण्याला, म्हणजे लग्नाआधी वाजतगाजत पाणी आणतात त्याला, कुणी बँड आणायचा इथवर. जेफ्रीनं ते सगळं एका वाक्यात उरकलंय. ‘दोन वर्षांनी लग्न झालं.’ मग एका दुपारीला एकतीस पानं. तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, ती दोन वर्षं कुठं गेली. म्हणजे कापाकापी त्यानंही केलीच. मी पुस्तक काढलं आणि मम्माला ती एकतीस पानं मोठ्यांदा वाचून दाखवली, वॉच लावून. एक तास बारा मिनिटं. ओलं फडकं, डॉक्टरला बोलवायला धावलेला जेफ्री, शेजारची रुक्मिणीमावशी ताकात बोट बुडवून त्याच्या ओठाला लावते ते, कौलातून आलेली उन्हाची पट्टी पाळण्यावरून सरकत सरकत भिंतीवर चढते ते. मम्मा फ्रीजकडे बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “लवकर संपवलंन जेफ्रीनं.” मी म्हटलं, मम्मा, एकतीस पानं आहेत. ती म्हणाली, “दोन वाजता त्याची मान पडली. चर्चची सातची घंटा झाली तवा गेला. पाच तास बाय. मी मोजलेत.” तिच्याकडे घड्याळ नव्हतं तेव्हा. कशावर मोजले असतील?

आणि जेफ्रीनं त्याच्याही आधी एकदा ते लिहिलं होतं हे मला त्याच रात्री, नव्हे, दुसऱ्या दिवशी न्हाताना आठवलं. मम्माला लिहिता येत नव्हतं, डॅडींना पत्रं जेफ्रीच लिहायचा. दहा वर्षांचा पोर तो. निळ्या इनलँडसारखं परदेशी पत्र असायचं, पातळ. मम्मा सांगत होती आणि रडत होती आणि पुन्हा सांगत होती, आणि त्याला शाळेला उशीर होत होता. शेवटी त्यानं लिहिलं, ‘नोएल गेला. बाकी सर्व ठीक.’ चौदा महिने, दोन शब्दांत. डॅडींचं उत्तर आलं, ‘पत्र पोचलं. तब्येतीला जपा.’ जेफ्रीला मोठेपणी दारू पिऊन कधी काय बोलायची सवय नव्हती, पण एकदा जुहूच्या वाळूत कणीस खाता खाता तो म्हणाला होता, ते पत्र मला पुन्हा लिहायचंय. तेव्हा मला वाटलं, लेखक लोक असंच बोलतात. आता वाटतं, त्या पत्राचीच ती एकतीस पानं. अनिरुद्धनं नकळत ती पुन्हा पत्राएवढी केली, एवढंच.

सेट दिंडोशीला लागणार होता. कामाला जायच्या आदल्या दिवशी मम्मानं पुन्हा विचारलं आणि माझ्यानं खोटं बोलवेना. पन्नास वर्षं मी तिची मुलगी म्हणून काय काय लपवलं असेल, सिगरेटी लपवल्या, एक अख्खा माणूस लपवला, पण हे जमेना. म्हटलं, “मम्मा, नोएल नाही सिनेमात. डॅडी जातात, आणि लगेच परत येतात. मधली सात वर्षं काढून टाकलीत.”

मला वाटलं होतं रडेल. ती मान तिरकी करून माझ्या कानाशी कुठंतरी बघत राहिली. मग खरंच कुतूहलानं, लहान पोरानं विचारावं तसं तिनं विचारलं, “काढून कुठं ठेवली मंग?”

“काढली म्हणजे काढली. नाहीतच.”

“असं कसं? मी होती ना त्यात.”

मी सिनेमातली माणूस, सात वर्षं काढून कुठं ठेवतात हे मला ठाऊक पाहिजे. मला ठाऊक नव्हतं. मम्मा उठली, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेली, आणि तिच्या ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात रुमालाची पुरचुंडी होती. आत मेणबत्तीचं थोटूक. अंगठ्याएवढं, पिवळं पडलेलं, बुडाशी निळ्या रिबिनीचा एक दोरा चिकटलेला.

आमच्याकडे बाप्तिस्म्याला गॉडमदर मेणबत्ती धरते. बाकी लोक ती नंतर कुठंही टाकतात, मम्मानं प्रत्येकाची आल्तारावर ठेवली, सेक्रेड हार्टच्या फोटोखाली. अजून आहेत, एक जेफ्रीची, एक माझी, जवळजवळ पूर्ण, लग्नात जाळायची म्हणून ठेवलेल्या आणि माझी तर तशीच राहिलेली. नोएलची त्या दुपारी पाळण्याशी जळत होती. पण हे थोटूक मी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं ती जळून संपली.

“संपली नाय,” मम्मा म्हणाली. “घंटा झाली तवा मीच विझवली. मंग इतर दोघींच्या मधी ठेवली होती, पाच वरसं. तुजा बापूस यायचा त्या दिशी सकाळी काढली. मना वाटलं, एवढा लांबून येतंय माणूस, आधी पोटभर जेवूंदे, मंग नोएलचं सगळं सांगेन. मंग दुसरे दिवशी म्हटलं, आज सांगेन. तो पण काय इचारीना. आल्तारासमोर हुबा राहिला, क्रूस केलान, नि जेवायला बसला. मी काढली नसती तर त्याना इचारलं असतं गो. दोन नि एक तीन, एवढं तर त्याना दिसलं असतं. मीच लपवली.”

डॅडी दोन हजार तीनमधे गेले. म्हणजे बावीस वर्षं दोघं त्याच आल्तारासमोर रोज रोजरी म्हणत बसायची, आणि ट्रंक दहा पावलांवर. ह्या बाईला मी भोळी समजत होते. तिला सिनेमात बाळ बघायचं नव्हतंच कधी. तिला बघायचं होतं की त्या माणसाला तिसरी मेणबत्ती दिसली असती तर त्यानं विचारलं असतं का. तिनं थोटूक माझ्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली. “ने. तिथं ठेव. कुणाला सांगू नुको.”

आता, कंटिन्यूइटीवाल्याचे चार वैरी. घड्याळ, सिगरेट, चहाचा ग्लास आणि मेणबत्ती. चारही गोष्टी वेळ दाखवतात आणि सिनेमाचा वेळ खोटा असतो, म्हणून त्या चुगली करतात. मेणबत्ती एका शॉटमधे लांब, पुढच्यात आखूड, त्याच्या पुढच्यात पुन्हा लांब, हे बघून मी सेटवरच्या माणसांना फाडून खाल्लेलं आहे. सुगंधा नावाची बाई सेट लावते, तिला तर माझ्या आवाजानं घाम फुटतो. आल्तार तिनं फार सुंदर लावला होता, आमच्यासारखाच, दोन मेणबत्त्या, लेसचा कपडा. सीन तेवीस सकाळी झाला. दोन मेणबत्त्या. मी फोटो काढला, लिहून ठेवलं. जेवणानंतर चोवीस, सात वर्षांनंतरचा. कपडा बदलला, भिंतीला ओल दिली, बापाचं काम करणाऱ्या दशरथच्या केसांना चुना लावल्यासारखं पांढरं लावलं. दोन मेणबत्त्या. मी फोटो काढला. मग लाइटवाल्यांनी दिवा सरकवायला घेतला, सगळ्यांच्या पाठी वळल्या, आणि मी पुढं होऊन ते थोटूक दोघींच्या मधे ठेवलं. प्रॉपर्टीला, म्हणजे सेटवरच्या वस्तूंना, हात लावायचा नाही हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. जी चूक दुसऱ्याची पकडून मी तीस वर्षं नाव कमावलं, ती मी शुद्धीत, दिवसाढवळ्या, चष्मा लावून केली.

शॉट चार सेकंदांचा ठरला होता. दशरथ आत येतो, टोपी काढतो, आल्ताराकडे बघून क्रूस करतो, वळतो. मी वॉच दाबलं. तो आत आला, टोपी काढली, हात कपाळाकडे नेला, आणि थांबला. हात तिथंच. नजर आल्तारावर. डावीकडून उजवीकडे गेली, परत आली, मधेच अडकली. हात खाली आला, छातीपर्यंतही पोचला नाही. त्यानं तोंड उघडलं, काही विचारावं तसं, मिटलं, आणि वळला. अकरा सेकंद. अनिरुद्धनं कट म्हणायला उशीर केला, आणि म्हणाला ते खुर्चीवरून उठून, “दुसरा टेक नको. हाच.” सगळे दशरथभोवती जमले, काय थांबलात, काय थांबलात! तो आपला कोकणातल्या नाटकातला साधा माणूस, सगळे पांगल्यावर माझ्याकडे आला, ओशाळलेला. म्हणाला, “यव्होनबाय, माझी चूक झाली काय? माका सांगितलेला की दोन पोरां, एकेकाची एक मेणबत्ती. हय तीन दिसल्यो. तिसरी कोणाची ता कळाक नाय, मगे थांबलंय.”

मला तिथं रडू फुटलं. तो घाबरला, म्हणाला पुन्हा करतंय हवं तर. मी म्हटलं नको, नको, तुम्ही बरोबर थांबलात.

चूक पकडली श्रुतिकानं, एडिटिंगच्या टेबलावर, दोन महिन्यांनी. पंचविशीची पोरगी, गरुडासारखी नजर. मला बोलावून घेतलं, अनिरुद्धही होता. तेवीसचा शेवट आणि चोवीसची सुरुवात तिनं शेजारी शेजारी लावली. “आंटी, दोनच्या तीन झाल्यात. तुमच्या फोटोत पण दोनच आहेत. काय म्हणजे, कुणीतरी मधेच ठेवली. टेन्शन नको, कॉम्प्युटरवर पुसून टाकते, दहा मिनिटांचं काम आहे.” आणि तिनं खरंच पुसून दाखवलं. थोटूक गेलं. लेसचा कपडा राहिला, आणि दशरथ एका रिकाम्या जागेकडे अकरा सेकंद बघत राहिला, वेड लागल्यासारखा. दोन वेळा गेला नोएल आता, मला वाटलं. एकदा सातच्या घंटेला, एकदा इथं अंधेरीत एसीत. मम्मा सकाळीच विचारत होती, ठेवलीस ना, दिसंल ना.

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “मी ठेवली. पुसू नका.”

अनिरुद्ध हसला. “तुम्ही? काहीही काय आंटी. का पण?”

मला वाटलं होतं मी सगळं सांगेन, बहारीन, इनलँड पत्र, ट्रंक. तोंडातून एवढंच आलं, “तो होता रे. जेफ्रीनं कल्पनेनं नाही घातला. आम्ही तिघं होतो.”

अनिरुद्ध पडद्याकडे वळला, त्याच्या त्या सात वर्षांनंतरकडे. मग त्यानं विचारलं, “किती वेळ होता?” आणि मी सवयीनं वॉच चाचपलं, म्हणजे गळ्यात असतं तिथं हात गेला, आणि म्हणाले, “चौदा महिने.” त्यानं श्रुतिकाला सांगितलं, पुसलेलं परत आण. काळा पडदा आणि ती अक्षरंही काढून टाक, नको ती, सात वर्षं झाली हे दशरथला बघून कळतंय. मग माझ्याकडे वळून जरा चिडूनच म्हणाला, “आधी बोलायचं ना आंटी, मी अख्खा सिनेमा वेगळा केला असता.” मी म्हटलं, केला असतास, आणि वाट लावली असतीस. खरंच तसं वाटलं मला. पुस्तकात जे जेफ्रीला एकतीस पानांत आलं नव्हतं ते ह्या लेकाच्या एका फटीतून आलं होतं, आणि त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. त्या तीन मेणबत्त्यांत जाण्याआधीचा दिवस होता, मधली दुपार होती, आणि परत आलेला माणूस होता, सगळं एकाच वेळी समोर. पुस्तकात हे एकामागून एकच सांगावं लागतं. जेफ्री असता तर त्याच्याशी ह्यावर भांडण केलं असतं, मजा आली असती.

पहिलं दाखवणं अंधेरीलाच होतं, एका छोट्या थेटरात, दुपारी तीनला. मम्माला मी पहिल्या रांगेत टोकाला बसवलं, तिथून मान वळवली की पडदा डोळ्याच्या कडेला येतो. ती लग्नाला नेसते ती लुगड्यासारखी साडी नेसून आली होती. सुरुवातीचं सगळं तिनं शांतपणे बघितलं, भिंतीकडे तोंड करून. बापानं ट्रंक उचलली, क्रूस केला, गेला. दोन मेणबत्त्या. लगेच दार, पांढरे केस, टोपी. तीन. दशरथचा हात कपाळाशी थांबला, आणि मम्माची बोटं माझ्या मनगटावर आवळली, नखं रुतली. अकरा सेकंद मी आयुष्यात हजारदा मोजलेत. हे संपेनात. वळला एकदाचा.

“थांबला गो,” मम्मा म्हणाली. थेटरात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. “बघितलंन त्याना. इचारणार होता.”

“हो मम्मा.”

“चल आता घरी.”

“अगं अजून तास बाकी आहे.”

“तो मना ठाव हाय,” ती म्हणाली आणि उठली. अंधारात माझ्या खांद्याला धरून, लोकांच्या पायांवरून आम्ही बाहेर आलो. अनिरुद्ध दाराशी उभा होता, त्याला वाटलं म्हातारीला आवडलं नाही, तोंड एवढंसं झालं होतं. मम्मानं त्याच्याकडे बघायला मान वळवली, म्हणजे त्याला वाटलं असणार की तोंड फिरवलं, आणि त्याच्या गालाला हात लावला.

घरी आल्यावर चपला काढल्या आणि माझ्यापुढं हात पसरला. थोटूक माझ्या पर्समधेच होतं, शूटिंगपासून. ती आल्तारापाशी गेली, बोटांनी चाचपून जेफ्रीची मेणबत्ती जरा डावीकडे केली, माझी उजवीकडे, आणि ते मधे ठेवलं. डॅडींचा फोटो वर आहे, हार घातलेला. त्या फोटोकडे बघायला तिनं तोंड खिडकीकडे वळवलं.

“हा नोएल,” तिनं त्यांना सांगितलं.

मग तिथंच जमिनीवर बसली, आणि त्याला पहिला दात कधी आला इथपासून सुरुवात केली.